रेघा मारणारी बाई

वही घेऊन येणाऱ्या माणसांवर मारोतराव हेडाऊंचा विश्वास नव्हता, आणि त्याला त्यांच्याकडे कारणं होती.

पहिला वहीवाला हातमाग मोजायला आला, तेव्हा गावातल्या कोष्टीपुऱ्यात एकेचाळीस माग होते. त्यानं एकेचाळीस लिहिले, चहा घेतला आणि उमरेडला गेला. दुसऱ्या मोजणीत नऊ भरले. तिसऱ्या मोजणीत दोन, आणि त्यातल्या एकावर कोंबड्या बसत. मोजल्यानं माग कमी होतात, हा निष्कर्ष मारोतरावांनी स्वतःच्या डोळ्यांनी काढलेला होता आणि तो खोडून काढायला आजवर कोणी आलं नव्हतं. बहिणीच्या वावरातही एक वहीवाला येऊन ‘नुसतं पाहतो’ म्हणाला होता. आता त्या वावरातून चारपदरी रस्ता जातो आणि बहीण तो ओलांडून आपल्याच विहिरीवर पाण्याला जाते.

त्यामुळे चैत्रातल्या एका सकाळी दारात स्कूटी थांबली, ओढणीनं डोळ्यांपर्यंत तोंड बांधलेली बाई उतरली आणि तोंड सोडायच्या आधी तिनं पिशवीतून वही काढली, तेव्हा मारोतरावांनी मागाच्या खड्ड्यातून पाय वर घेतले नाहीत. आडवं सूत नेणारा धोटा मात्र थांबवला.

“हेडाऊंचं घर हेच न?”

“कोण पायजे?”

“मी मोनाली मेश्राम. शिक्षिका आहे. ऋतुजाला पाहायला आली.”

“अकरा वर्साची आहे थे,” मारोतराव म्हणाले. “आमच्यात इतक्या लवकर नाई दाखवत.”

आत चुलीपाशी सून पिंकी खुदकन हसली. हसण्यासारखं काही बोललो असं मारोतरावांना वाटलं नव्हतं.

मोनालीनं ओढणी सोडली. कपाळावर घामाची रेघ आणि नाकावर धूळ. नागपूरला रामदासपेठेतल्या एका कॉलेजात ती शिकते, म्हणाली. ऑटिझम असलेल्या, म्हणजे स्वमग्न मुलांना कसं शिकवायचं, याचं शिक्षकांसाठीचं शिक्षण. पदवीच्या वरचं, दोन वर्षांचं.

“म्हंजे तुमी मास्तरीण.”

“हो.”

“अन् शिकून राहिल्या.”

“हो.”

“मंग मास्तरीण कशाच्या?”

“आठ वर्षं शिकवलं, आजोबा. मग समजलं की अशी मुलं वर्गात आली की आपल्याला काहीच येत नाही. म्हणून परत शिकायला गेली.”

मारोतरावांनी तिच्याकडे नीट पाहिलं. आपल्याला येत नाही असं कबूल करणारा मास्तर त्यांनी बासष्ट वर्षांत पाहिला नव्हता. त्यांचा संशय दुप्पट झाला.

नात ऋतुजा, घरातली ऋतू, मागाच्या डाव्या अंगाला, भिंतीशी, चरख्यापुढे बसली होती. उजव्या हातानं चाक फिरवायचं, डाव्या हातानं सूत धरायचं. सूत कांडीवर गुंडाळलं जायचं. कांडी भरली की ती कानाशी नेऊन दोनदा फिरवायची, टोपलीत आडवी ठेवायची आणि दुसरी घ्यायची. दुसऱ्या कोणी भरलेल्या कांडीचं सूत धोट्यात सैल पडे, तुटे. ऋतूच्या कांडीचं शेवटच्या वितीपर्यंत तुटत नसे. ती बोलत नव्हती. कोणी हात धरला तर किंचाळे, पाहुणे आले तर मागाखाली जाऊन बसे. चरख्यापुढे मात्र घड्याळासारखी. शाळेत तिचं नाव पटावर होतं. गुरुजींनीच तोडगा काढला होता: “नाव राहू द्या, पोरगी घरी राहू द्या.” शाळा आणि घर, दोघांनाही तो सोयीचा होता आणि त्यात कोणाची फसवणूक आहे हे विचारायला कोणी आलेलं नव्हतं.

मोनाली तीन हात लांब जमिनीवर बसली. पोरीशी बोलली नाही. हात लावला नाही. नुसती पाहत राहिली, आणि मधूनमधून वहीत एक उभी रेघ मारत राहिली. चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी.

मारोतरावांनी धोटा फेकता फेकता हिशोब जमवला. ऋतूनं कांडी कानाशी नेली की बाईची रेघ पडे.

“शिकवत काहून नाई थे?” त्यांनी बायकोला, अनुसयेला, खालच्या आवाजात विचारलं.

“आधी पाहत असंल.”

“पाहत नाई वं. मोजून राहिली.”

चाळीस मिनिटांनी मोनाली उठली, माठातलं पाणी प्यायली, पिंकीच्या हातात एक कागद दिला. संमतीपत्र. वाचून सही करा, पुढच्या गुरुवारी येते, म्हणाली. तोंड बांधलं आणि आली तशी गेली.

पिंकीला सही लगेच करायची होती. मारोतरावांनी कागद तिच्या हातातून घेतला, चार घड्या केल्या आणि टोपीत ठेवला.

पुढच्या दिवसांत कामाला उसंत नव्हती. विणकर सोसायटीनं सूत दीड महिना उशिरा दिलं होतं आणि लुगड्यांची मुदत मात्र होती तीच ठेवली होती. मंगळवारी पहाटे गल्लीत पाजणी लावली. उभ्या सुताचा ताणा खुंट्याखुंट्यांवर ताणला, मारोतराव एका अंगानं आणि अनुसया दुसऱ्या अंगानं, तांदळाची पेज सुतावर कुंच्यानं ओढत चालले. ऊन चढायच्या आत सूत वाळलं पाहिजे. चढल्यावर वाळलं तर काचेसारखं तडकतं. पेजेनं हात कोपरापर्यंत चिकट. मानेवर माशा बसल्या तरी हाकलता येत नव्हत्या.

विश्वनाथ त्यावेळी ओट्यावर येऊन बसले. सोसायटी चालू होती तेव्हा ते तिचे सचिव होते. आता सोसायटी असून नसल्यासारखी होती, पण सचिवपणा त्यांच्या अंगातून गेला नव्हता. गावात कोणताही सरकारी कागद आला की त्यातला डाव शोधून काढायचं काम त्यांच्याकडे असे. आणि प्रत्येक कागदात त्यांना डाव सापडे.

“टोपीत कागद हाय, काढ,” मारोतराव म्हणाले. “माह्ये हात भरले.”

विश्वनाथांनी त्यांच्या डोक्यावरची टोपी उचलली, कागद काढला, टोपी परत ठेवली. दोरीनं बांधलेला चष्मा लावून दोनदा वाचला.

“मारोती, हे पाय. ‘विद्यार्थी निवासी अथवा अनिवासी, लागू नसेल ते खोडावे.’”

“मंग?”

“बाईनं खोडलं काहीच नाई.”

कुंचा थांबला.

“म्हंजे दोन्ही लागू,” विश्वनाथ म्हणाले. “आज अनिवासी, उद्या निवासी. गाडी येईन अन् पोरगी घेऊन जाईन. अन् तू म्हणत होता, थे रेघा मारून राहिली होती?”

“कांडी भरली की रेघ.”

“बालमजुरी,” वैद्य रोगाचं नाव सांगतो तसा विश्वनाथांनी शब्द उच्चारला. “अकरा वर्साची पोरगी, दिवसाला किती कांड्या, सारं लिवून नेलं तिनं. केस झाली की पोरगी निवासी अन् तूही निवासी.”

अनुसया ताण्यापलीकडून म्हणाली, “अजी, थे बाई चांगली वाटली पण.”

“चांगलीच वाटन न,” विश्वनाथ म्हणाले. “वाईट वाटली असती तं घरात घेतली असती का?”

अनुसया पेजेत कुंचा बुडवून पुढं सरकली. मारोतराव पुन्हा कुंचा ओढू लागले, पण एका जागी पेज जास्त बसली आणि सुताच्या दहा-बारा तारा एकमेकींना चिकटल्या. त्या सोडवताना त्यांना एक गोष्ट जाणवली आणि ती त्यांनी विश्वनाथांना सांगितली नाही. भीती बाई खोटं लिहील याची नव्हती. खरं लिहील याची होती. पोरगी खरंच कांड्या भरत होती. त्या कांड्यांवरच माग चालत होता. मुलगा प्रज्वल नागपूरच्या मिहानमधल्या गोदामात दिवसभर खोक्यांना चिकटपट्टी लावायचा तेव्हा तो कामगार. इथं नात तेच करते तेव्हा ती काय, हे त्यांनी स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

“चरखा लपवा,” विश्वनाथ जाताना म्हणाले. “माह्या घरी, कोठीमागं. मुद्देमालच नाई तं केस कायची?”

गुरुवारी ऋतू मोरीत अंघोळीला होती तेवढ्यात मारोतरावांनी चरखा खांद्यावर घेतला. पिंकी दारात आडवी आली.

“मामाजी, पोरगी बाहेर आली की पयले चरखा पायते.”

“एक दिवस नाई पाह्यला तं काय होते?”

“तुमाले नाई मालूम काय होते. तुमी तेव्हा खड्ड्यात राहता. तिले मी पाहतो का तुमी?”

“बाजूले हो वं.”

पिंकी बाजूला झाली. कागदावर सही तिनं आधीच केली होती, मारोतरावांच्या टोपीतून काढून आणि परत ठेवून. पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

अनुसयेनं तीन कांड्या हातानंच गुंडाळून ठेवल्या होत्या, बाईला माग चालू दिसावा म्हणून. मोनाली दहाला आली. ऋतू ओल्या केसांनी भिंतीशी गेली आणि रिकाम्या जागेपुढे बसली. चरख्याच्या पायांचे चार गोल तेवढे सारवलेल्या जमिनीत उमटलेले होते. तिनं उजवा हात पुढे केला आणि नसलेलं चाक फिरवू लागली.

मोनालीनं रेघ मारली नाही. “चरखा कुठे आहे?” तिनं विचारलं.

“कोणता चरखा?” मारोतराव म्हणाले.

पोरीचा हात हवेत फिरत होता. आधी सावकाश, मग वेगानं. मागावर अनुसयेच्या पहिल्या कांडीचं सूत तुटलं. दुसरीचं तुटलं. तिसरी अर्ध्यात संपली आणि माग थांबला. माग थांबला तसा ऋतूच्या घशातून आवाज निघाला. बारीक, लांब, श्वास न घेता. तिनं मनगट दातांत धरलं. मग मागाच्या लाकडी खांबावर डोकं आपटलं. एकदा, दोनदा. पिंकी धावली, तिनं धरताच आवाज दुप्पट झाला.

“सोडा तिला, ताई. सोडा.” मोनाली उठली नाही, बसल्या जागीच सरकली. तिनं ओढणीची घडी केली आणि डोकं आणि खांब यांच्या मधे धरली. पोरीला हात लावला नाही. तिसरा ठोका ओढणीवर पडला, म्हणजे ओढणीमागच्या तिच्या बोटांवर. तिचा चेहरा आवळला पण हात निघाला नाही. “आजोबा, माग चालवा.”

“कांडी नाई.”

“तशीच चालवा. आवाज पाहिजे तिला. थांबू नका.”

मारोतराव हातातल्या धोट्याकडे पाहत राहिले. रिकामा धोटा मागावर फेकायचा नाही, हे त्यांना बापानं सातव्या वर्षी, कानाखाली एक देऊन, शिकवलं होतं. रिकामा धोटा घरातलं माणूस नेतो. बाप मेला त्या दिवशीसुद्धा मागावरून धोटा उतरवताना त्यांनी त्यात आधी कांडी घातली होती.

चौथा ठोका पडला.

मारोतरावांनी दोरी ओढली. रिकामा धोटा इकडून तिकडे गेला. पायाखालची पावडी दाबली, फणी ओढली, परत दोरी. खट्, खट्. कापड तयार होत नव्हतं. नुसता आवाज विणला जात होता. अनुसयेनं तोंडावर पदर घेतला आणि देवाला हे दिसू नये म्हणून ती त्याच्यापुढे पाठ करून उभी राहिली. खट्, खट्. ऋतूचा आवाज हळूहळू त्या तालाच्या आत आला. आपटणं डोलण्यावर आलं. पण हात अजून हवेत फिरत होता आणि मनगटावर दातांचे खळगे लाल होत होते.

“हे किती वेळ पुरंल?” पिंकी म्हणाली. ती मोनालीकडे पाहत नव्हती, सासऱ्याकडे पाहत होती.

मारोतराव खड्ड्यातून वर आले. “पिंके, तू बस. दोरी ओढ, तसीच.” आणि चप्पल न घालता बाहेर पडले.

गल्लीत ऊन चटके देत होतं. विश्वनाथांनी कोठीमागून चरखा काढायला नकार दिला. “अरे, ती घरात बसून हाय अन् तू मुद्देमाल घेऊन जातो?” मारोतरावांनी त्यांना खांद्यानं बाजूला केलं. येताना आवाज ऐकून बाया दारांत उभ्या होत्या. चरखा लपवलेला होता हे सकाळी कोणाला माहीत नव्हतं. आता सगळ्या गल्लीला दिसलं, चाक मारोतरावांच्या कानापाशी टकटक करत होतं.

त्यांनी चरखा आणून त्या चार गोलांत बरोबर ठेवला. ऋतूचा हवेतला हात चाकावर उतरला, जणू मधे काही झालंच नव्हतं. थोड्या वेळानं कांडी कानाशी गेली.

मारोतराव मोनालीसमोर बसले. तळपाय भाजले होते.

“लिवा आता,” ते म्हणाले. “पोरगी कांड्या भरते. चार वर्सांपासून. मी भरू देतो. माह्यं नाव मारोतराव चिंधूजी हेडाऊ.”

मोनालीला आधी समजलं नाही. समजलं तेव्हा ती हसली नाही, हे मारोतरावांनी लक्षात ठेवलं. सुजलेल्या बोटांनी तिनं वही उघडून त्यांच्यापुढे धरली. “मी कांड्या मोजत नव्हती, आजोबा. कांडी कानाशी किती वेळा नेते, हात किती वेळा फिरवते, ते मोजत होती.”

“थे कायले?”

तिनं वही मिटली. “सुमंत सर म्हणून आमचे गाईड आहेत. त्यांनी उद्दिष्ट दिलं. तेच-ते करणं तासाला साठ वेळा आहे, ते पाचावर आणायचं.”

“अन् पाचावर आणलं का?”

“मग मी पास.”

“अन् थे?”

मोनालीनं ऋतूकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं.

“म्हंजे मी आज जे केलं,” मारोतराव सावकाश म्हणाले, “थेच तुमाले दोन वर्स शिकून करायचं होतं.”

“हो,” मोनाली म्हणाली. “तुम्ही एका सकाळीत केलं.”

पिंकीला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. मारोतरावांनी टोपीतून कागद काढला. “अन् हे निवासी?”

मोनालीनं कागद पाहिला. “अरे देवा. खोडायचं राहिलं. तीस फॉर्म भरले एका बैठकीत.” तिनं तिथेच ‘निवासी’वर काट मारली. खालची सही मारोतरावांना तेव्हा दिसली. त्यांनी सुनेकडे पाहिलं. सून धोट्याकडे पाहत होती.

त्यानंतर मोनाली दर गुरुवारी आली. रेघा मारायची, पण आता दुसऱ्याच गोष्टीच्या. मारोतरावांना तिनं एक काम दिलं आणि ते त्यांना अजिबात आवडलं नाही. धोट्यातली कांडी संपली की रिकामी कांडी टोपलीत टाकायची नाही, हातात धरून थांबायचं. ऋतूनं हात पुढे केला तरच द्यायची.

“पोरीले हात पसरायले लावता?”

“मागायला लावते. तिला काय पाहिजे ते तिला कोणाजवळ तरी सांगता आलं पाहिजे, आजोबा. तुम्ही कायम आहात का?”

हा प्रश्न उद्धट होता आणि बरोबर होता. मारोतराव थांबू लागले. माग बंद, लुगड्यांची मुदत डोक्यावर, हातात रिकामी कांडी, आणि पोरगी त्यांच्या हाताकडे न पाहता भिंतीकडे पाहत बसलेली. पहिला दिवस गेला. दुसरा गेला. अनुसया म्हणाली, थे बाई तुमाले कामाले लावून गेली. अकराव्या दिवशी ऋतूचा डावा हात बाजूला आला, तळवा वर. नजर भिंतीवरच. मारोतरावांनी कांडी त्या तळव्यावर ठेवली आणि बराच वेळ धोटा फेकलाच नाही. मग कोळशाचा तुकडा घेतला, आणि कोणी पाहत नाही असं पाहून मागाच्या खांबावर एक उभी रेघ मारली.

वैशाख संपता संपता मोनालीनं अहवालाचा शेवटचा कागद आणला. सुमंत सरांनी अहवाल एकदा परत पाठवला होता. ‘उद्दिष्ट कोणी बदलले?’ असा लाल शेरा होता. तिनं खाली निळ्या शाईनं ‘मी’ असं लिहून तो पुन्हा दिला होता. पास होईल का, तिला माहीत नव्हतं. शिफारशीच्या रकान्यात दोन ओळी होत्या: विद्यार्थिनीस नियमित वर्गात बसवावे. चरखा सोबत असावा.

मारोतरावांनी कागद उलटून पाहिला. मागं कोरा होता. उजेडाला धरून पाहिला.

“मागं काही नाही, आजोबा.”

“थेच पाहून राहिलो,” ते म्हणाले.

जूनच्या शेवटी शाळा उघडली. ऊन हटलं नव्हतं. मारोतरावांनी तिसऱ्यांदा चरखा खांद्यावर घेतला आणि भर गल्लीतून निघाले. मागं पिंकी, आणि पिंकीच्या मागं, कोणीही हात न धरता, चाकावर नजर ठेवून ऋतू. विश्वनाथ ओट्यावरून म्हणाले, “मुद्देमाल घेऊन कुठं गा?” तिघंही चालत राहिली.

मोनाली आधीच येऊन गुरुजींशी बोलत होती. गुरुजी मान हलवत होते, पण ती कोणत्या अर्थानं हे कळत नव्हतं. चरखा मागच्या कोपऱ्यात, भिंतीशी ठेवला. मारोतरावांनी घरून आणलेल्या कोळशानं त्याच्या चारी पायांभोवती गोल काढले. ऋतू बसली. चाक फिरलं. पोरं वळून वळून पाहू लागली आणि मग, पोरंच ती, कंटाळून पुढे पाहू लागली.

गुरुजींनी वही काढली.

“काय लिवता?” मारोतराव म्हणाले.

“हजेरी.”

“कोनाची?”

“साऱ्यांची.”

“तिची लिवली?”

गुरुजींनी नाव शोधलं, त्यापुढे खूण केली आणि वही फिरवून दाखवली. चार वर्षांत तिच्या नावापुढची ती पहिली खूण होती. मारोतरावांनी ती वाकून, जवळून पाहिली. एक होती. मोजल्यानं वस्तू कमी होतात हे त्यांना ठाऊक होतं, आणि एकातून कमी व्हायला फार जागा नसते.

मोनाली आणि पिंकी निघाल्या. मारोतराव दारातून हलले नाहीत. खांबाला टेकून ते खाली बसले.

“आता काय राहिलं, मारोतराव?” गुरुजी म्हणाले.

“काई नाई,” मारोतराव म्हणाले आणि खिशातला कोळसा चाचपला. “नुसतं पाहतो.”

गुरुजींनी वही मिटली आणि त्यांच्याकडे मोठ्या संशयानं पाहिलं.